रिकामा रकाना

इनामगाव, ता. शिरूर

४ जानेवारी २०२५, शनिवार

न्हावऱ्याच्या पुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. एकेकाला दोन ट्रॉल्या, पुढं ठणाणा गाणी. एसटी त्यांच्यामागून रांगत आली.

आबा फाट्यावर मोटारसायकल लावून उभे. क्षणभर ओळखू आले नाहीत. शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा खांद्यावर. दिवाळीत असे नव्हते.

"लई उतरलात आबा."

"तोड चाललीय. अंग जातंच कामात."

रात्री चारदा कडी वाजली. पाणी प्यायले, बाहेर जाऊन आले.

५ जानेवारी, रविवार

डाव्या पायाच्या करंगळीखाली जखम. रुपयाएवढी. आईनं हळद दाबलीय.

"कशानं झालं?"

"खोडकं लागलं असंल."

"कधी?"

"ठावं न्हाई. पाय धुताना दिसलं."

दुखलंच नाही तर. जखमेपेक्षा याचीच भीती वाटली.

या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची. दादा रांजणगावला सेकंड शिफ्टला. दारं धरायला आबाच. गमबूट मी मागच्या वर्षी आणले होते. चिखलात रुततात म्हणून कोनाड्यात पडलेत, एकात वहिनीनं लसूण ठेवलाय. बिबट्यासाठी बॅटरी अन् काठी मात्र न चुकता नेतात.

६ जानेवारी, सोमवार

वजन ५१ किलो, दुकानातल्या काट्यावर. उंची दाराच्या चौकटीला खूण करून १६२ सेंमी. बीएमआय १९.४. साखर निघाली तेव्हा वय ४४. आता ५८.

७ जानेवारी, मंगळवार

घरून काम करायची परवानगी मिळाली. नेट फक्त गच्चीवर, टाकीच्या सावलीत.

काम तेच, जाळं. पेशीतली प्रथिनं आणि कोण कुणाला धरतं. २०१५ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या नकाशावरून आमच्या गटानं सुरुवात केली. १३,४६० प्रथिनं, १,४१,२९६ दुवे. एका आजाराशी निगडित प्रथिनं जाळ्यात बहुधा एकमेकांच्या आसपास सापडतात, एखाद्या वस्तीसारखी. मधुमेहाची वस्ती, दम्याची वस्ती. औषध कुठल्या वस्तीत शिरतं, तिथून कुठं पोचतं, ते गणितानं काढायचं. मग ज्याच्या शरीरात जो दुवा बिघडला असेल, त्याला त्यानुसार औषध.

आबा मागं कधी येऊन उभे राहिले कळलं नाही.

"हे काय, घोड नदीत टाकत्यात तसलं जाळं?"

"तसंच. एक गाठ ओढली की कुठली कुठली गाठ हलते ते बघतो."

"आन् मधी फाटलेलं असलं तर?"

"मग चुकतं."

"किती फाटलंय?"

पुष्कळ. नकाशात न आलेले दुवेच जास्त असावेत. त्यांना एवढंच म्हटलं, "आहे थोडं."

८ जानेवारी, बुधवार

दाखवून आणलं. तीन महिन्यांची साखर १०.८. मेटफॉर्मिन दुप्पट, सकाळची दुसरी गोळीही वाढवली. सोबत छापील कागद. गोड बंद, भात कमी, वजन उतरवा.

आई कागद मोठ्यानं वाचत होती. 'वजन उतरवा'पाशी थांबली. आबांकडं बघितलं. पुढचं वाचलंच नाही.

पाय कुणी पाहिला नाही. चपला काढायला सांगितल्या नाहीत. मी तरी कुठं बोलले.

९ जानेवारी, गुरुवार

दिल्लीत आज जीनोम इंडियाचा डेटा खुला झाला. १०,००० भारतीयांचे जीनोम, २० संस्था, साठा फरिदाबादच्या केंद्रात. लॅबच्या ग्रुपवर पेढ्यांची चित्रं. मीही टाकलं एक. आनंद खराच आहे. आजवरच्या जनुक-अभ्यासांतली बहुतेक माणसं युरोपी वंशाची.

खाली आले तर आबा पायावर हळद बदलत होते. अंधारातच. "दिसतंय का?" "दिसायचं काय त्यात?"

१० जानेवारी, शुक्रवार

एकादशी. दुपारपासून घरात साबुदाण्याच्या खिचडीचा वास. मी दोन वाट्या खाल्ली.

रात्री आबांची साखर ३१२. काल १९८. गोळ्या वाढवल्यावर चढली? पट्टी खराब असेल. दुसरी लावली. ३०५.

११ जानेवारी, शनिवार

दिवाळीत साखर मोजायचं मशीन दिलं होतं. आबांनी उसाच्या पावत्यांच्या वहीत मागच्या पानांवर आकडे लिहिलेत. तारीख आणि साखर. डिसेंबरपासून एकही दिवस चुकवलेला नाही. अक्षर शाळेतल्यासारखं ठळक.

संगणकात चढवले. तीन आकडे रांगेबाहेर. ११ डिसेंबर, २६ डिसेंबर, कालचा. प्रोग्रॅमनं लाल केले. मोजण्यातली चूक धरून काढून टाकले. रेघ गुळगुळीत झाली.

१२ जानेवारी, रविवार

आबांबरोबर पांढरीवर. ऊस, बाभळी, खाली घोड नदी. पायाखाली अजून खापरं.

१९६८ साली डेक्कन कॉलेजनं इथं खोदायला घेतलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी. पुढं बरीच वर्षं हंगामामागून हंगाम काम चाललं. आजोबा माती उपसायला होते. आबा लहान, मजुरांना पाणी द्यायचे. अजून हात दाखवून सांगतात. इथं चूल निघाली, इथं रांजण, इथं पोरं.

पोरं म्हणजे कुंभातली. दोन मडकी तोंडाला तोंड लावून, घराच्याच जमिनीत पुरलेली. साडेतीन-तीन हजार वर्षांपूर्वीची. अभ्यासकांनी त्यांच्या दुधाच्या दातांतले व्रण पाहून आजारपणाचे, उपासमारीचे दिवस वाचले. लिहिलेलं काही नाही. दात तेवढे राहिले.

मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडून पुरायचे. मेलेल्यानं उठून जाऊ नये म्हणून, असा अर्थ लावतात.

"एकाचं पाय शाबूत हुतं," आबा म्हणाले. "चार पायांच्या रांजणात बसवलेला. मोठा मानूस असनार."

येताना लंगडत होते. विचारलं तर चप्पल नवी आहे म्हणाले. चप्पल जुनीच आहे.

१३ जानेवारी, सोमवार

भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, मिसळीची भाजी. आबा पोटभर जेवले. बरं वाटलं.

१४ जानेवारी, मंगळवार

"तिळगूळ घे. आन् आज तुझं मशीन झाकून ठेव."

झाकलं.

१६ जानेवारी, गुरुवार

शेजारच्या गावात डोळ्यांचं शिबिर. पडद्याचा फोटो काढतात, एआय बघून लगेच सांगतं. आबांची पाळी. उजवा डोळा: फोटो तपासण्याजोगा नाही. डावा: तेच. पुन्हा काढला. तेच. खिडकीतून उजेड, त्यात आबांना मोतीबिंदूची सुरुवात.

फोटो काढणारा पोरगा चांगला होता. "काका, मोठ्या दवाखान्यात दाखवा." आबांना वाटलं डोळे गेले. वाटेत एक शब्द बोलले नाहीत.

थायलंडच्या ११ आरोग्य केंद्रांत गुगलचं असंच यंत्र लावलं तेव्हा पाचातला एक फोटो यंत्रानं नाकारला होता, त्यावरचा निबंध मी लॅबमध्ये समजावून सांगितला होता. २०२० चा. तेव्हा तो तक्त्यातला आकडा होता.

१८ जानेवारी, शनिवार

झोप नाही. आबांनाच गणितात बसवून बघितलं.

२०१८ साली स्वीडनच्या अभ्यासकांनी ८,९८० जणांच्या नोंदींवरून मोठेपणी जडणाऱ्या मधुमेहाचे पाच गट पाडले. सहा गोष्टी लागतात. निदानाच्या वेळचं वय, बीएमआय, तीन महिन्यांची साखर, एक प्रतिपिंड, इन्सुलिन किती बनतं, किती लागू पडतं. आबांच्या पहिल्या तपासणीची फाइल वाळवीनं खाल्ली. शेवटच्या दोन तपासण्या कधी झाल्याच नाहीत. सहांतले चार रकाने रिकामे.

प्रोग्रॅमनं रिकाम्या जागी सरासरी भरली. उत्तर आलं: सौम्य, उतारवयातला.

चव्वेचाळीस म्हणजे उतारवय. आणि सरासरी कुणाची? तिकडच्याच लोकांची. आबांच्या पोटात मी स्वीडनचं स्वादुपिंड बसवलं.

१९ जानेवारी, रविवार

आबांना तो जुना फोटो दाखवला. २००४ च्या 'लॅन्सेट'मधला. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी. दोघांचा बीएमआय २२.३. अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२.

"सारखंच तर दिसत्यात."

"आतून नाहीत."

मग सांगत बसले. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायांचा १९९३ पासूनचा अभ्यास. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडात साऊदम्प्टनला ३.५. आपली बाळं हाडकुळी, पण चरबी त्यांनी राखलेली. जन्मतःच. आईच्या पोटातच हिशेब सुरू होतो. बी१२ कमी असलेल्या कितीतरी आया.

आई भाकरी थापताना ऐकत होती. "ह्यांच्या वेळी आत्याबाई खुरपत होत्या म्हनं. बांधावरच कळा आल्या."

हेही कुठल्या फाइलीत नाही.

याज्ञिकांच्या गटानं स्वीडनच्याच लोकांबरोबर पुण्याचे रुग्ण तपासले, २०२२ मध्ये छापलं. पंचेचाळिशीच्या आत साखर जडलेले. त्यांत सर्वांत मोठा गट इन्सुलिन कमी पडणाऱ्यांचा. तिकडं तसा नाही. मला हे माहीत होतं. आबांना मीच कधी त्यात बघितलं नव्हतं.

२० जानेवारी, सोमवार

पुण्याला, पहाटेच्या गाडीनं. तीन नळ्या रक्त. इन्सुलिन किती बनतं ते सांगणारं सी-पेप्टाइड, प्रतिपिंड, बी१२. आबांनी बिल बघितलं, घडी करून खिशात ठेवलं. आईला सांगायचं नाही म्हणाले.

२२ जानेवारी, बुधवार

पेपरात जीबीएसची साथ. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला. पायातून मुंग्या येतात, मग लुळे पडतात. पाण्यातून असेल म्हणतात.

सकाळपासून तिघीजणी विचारून गेल्या. "तुमच्या आबांचं पन पाय बधिर हायत ना?" आईनं हंडा रिकामा करून घासला. मी सांगितलं हे ते नव्हे, ते दिवसांत होतं, हे वर्षांत. वर्षांत होणाऱ्याला कुणी घाबरत नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

रिपोर्ट. सी-पेप्टाइड ०.६, उपाशीपोटी साखर २१० असताना. म्हणजे स्वादुपिंड दमलंय. प्रतिपिंड नाहीत. बी१२ ११८, दोनशेच्या वर हवं.

पुन्हा चालवलं. आता उत्तर: तीव्र, इन्सुलिन कमी पडणारा. मी उड्या मारायच्या बेतात.

पुण्याच्या डॉक्टरबाईंना दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "चौदा वर्षांनी सी-पेप्टाइड कमी येणारच. गट पाडायचा तर पहिल्या दिवशी मोजायला हवं होतं. आज नाव काहीही द्या, यांना सुई लागणार." मग मेटफॉर्मिन किती वर्षं चालू, मांसाहार करतात का, दूध किती पितात. ती गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी१२ उतरतं. बधिरपणा साखरेनंही येतो, बी१२ नंही. दोन्ही भरून काढायचं.

शेवटी म्हणाल्या, "चप्पल काढा."

पंधरा दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं. पायाकडं बघून गप्प झाल्या. फोटो, पट्टी, प्रतिजैविक, पाय टेकायचा नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

पहिली सुई. आबांनी स्वतः टोचून घेतली, विठ्ठलाचं नाव घेऊन. "मुंगीवानी." दारं धरायला दादा गेला, शिफ्ट करून येऊन.

२५ जानेवारी, शनिवार

संध्याकाळी २८९. सुई चालू असताना! वही पुढ्यात घेऊन बसले होते. आई निवडायला बसलेली. तिच्याजवळ वाचून दाखवलं, ११ डिसेंबर, २६ डिसेंबर, १० जानेवारी, आज. काय होतं या दिवशी?

आईनं मान वर केली नाही.

"एकादशी."

साबुदाणा. बटाटा. रताळं. उपास म्हणून पोटभर.

जे तीन आकडे मी चूक म्हणून काढले तेच खरे होते. एकाच गोष्टीची चार वेळा सही.

२६ जानेवारी, रविवार

कॅलेंडरचं डिसेंबरचं पान फाडून पाठीमागं जाळं काढलं. मधे आबा. प्रथिन एकही नाही.

रात्रीची लाईट, चिखल, अनवाणी, खोडकं, जखम. मेटफॉर्मिन, बी१२, बधिर. एकादशी, साबुदाणा, साखर.

आईनं पेन्सिल मागितली. तिनं तीन रेघा ओढल्या.

माळ ते बी१२. चाळीस वर्षं माळकरी.

डेअरी ते बी१२. दूध सगळं डेअरीला जातं, घरात चहापुरतं.

तिसरी रेघ उसाच्या बिलापासून गोळ्यांपर्यंत. "बिल लांबलं हुतं मागं. दोन म्हयने अर्ध्या अर्ध्या करून घेतल्या ह्यांनी. बोलू नको म्हनले."

डॉक्टरांच्या कागदावर लिहिलंय: औषध लागू पडत नाही.

२९ जानेवारी, बुधवार

आमच्याच तालुक्यात, वढू बुद्रुकला, केईएमचं केंद्र २००२ पासून २२ गावांत घराघराची नोंद ठेवतं. जन्म, मृत्यू, कोण आलं, कोण गेलं. आम्ही त्या टापूच्या बाहेर. इथं आशाताईंची वही. त्यात बाळंतपणं, लसी, टीबी. शंभर दिवसांची टीबी मोहीम चालू आहे, त्यांची पायपीट बघवत नाही. साखरेचं पान आहे त्यात. पायांचं नाही.

३० जानेवारी, गुरुवार

करंगळी काळसर. वास. आईनं उदबत्ती लावली, मी विझवली.

३१ जानेवारी, शुक्रवार

पुण्यात भरती. रक्त पायापर्यंत येतंय, तेवढं बरं. हाडात पू. करंगळी काढायची. वर सरकू द्यायचं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

काढली. पाऊण तास.

भूल उतरल्यावर पहिला प्रश्न, "बोट कुठं टाकत्यात?"

जाळतात म्हटलं.

जरा वेळानं, डोळे मिटूनच, "पांढरीतल्यांचं तोडायचं, घर सोडून जाऊ नये म्हनून. मला कुटं जायचंय?"

४ फेब्रुवारी, मंगळवार

दवाखान्याच्या जिन्यात बसून लॅबची मीटिंग. नवीन मॉडेलला कोणत्या नोंदी द्यायच्या. ज्या रुग्णांचे दोनहून जास्त रकाने रिकामे ते सरसकट वगळायचे, असं ठरत होतं. स्वच्छ डेटा.

मी माइक सुरू केला. काय बोलायचं ते सुचेना. "वगळलेल्यांची एक वेगळी यादी ठेवूया," एवढंच म्हणाले. गावाचं नाव, कारण, कोणता रकाना का रिकामा. कुणी हरकत घेतली नाही. कुणी काम अंगावरही घेतलं नाही. माझ्याकडं आलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

घरी. वहिनीनं गमबुटातला लसूण काढला, बूट उन्हात ठेवले. आबांसाठी मऊ तळाची एमसीआर चप्पल आणली. निळी. "पोरीबाळींची हाय का?" तरी घातली.

८ फेब्रुवारी, शनिवार

माघी एकादशी.

संध्याकाळी पाचला आबा ओसरीवर घामानं भिजलेले. हात थरथर, बोलणं अडखळतं. ६२. गूळपाणी पाजलं. पंधरा मिनिटांनी ९४. मग दूध, भाकरी. उपास मोडला म्हणून डोळ्यात पाणी.

साबुदाणा बंद करा, असं मी सांगितलं होतं. त्यांनी फराळच बंद केला. सकाळची गोळी घेतली. रात्रीची सुईही पुरी घेतली होती.

एक रेघ मी खोडली, दुसरी कुठं जाते ते बघितलं नाही. वर्षातल्या चोवीस एकादश्या मला कळल्या, आबा कळले नाहीत.

डॉक्टरबाईंना फोन. त्यांनी एकादशीचं वेगळं लिहून दिलं. सकाळची गोळी नाही. सुई किती कमी करायची ते. दूध, ताक, शेंगदाणे, भगर मुठीएवढी. कागद देवघरात चिकटवला, पंचांगाशेजारी.

१० फेब्रुवारी, सोमवार

पाय धुवायला आई बसते. रोज. आरसा खाली धरून तळवा बघतात दोघं. काहीतरी बोलतात, मला ऐकू येत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पौर्णिमा. देवळात भजन. आबांनी हट्टानं नेलं, खुर्चीत बसून टाळ धरला.

भजन संपल्यावर मी चपला काढलेल्यांना थांबवलं. डोळे मिटा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट, करंगळी. बोटाच्या टोकानं नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही. कळलं की डावा, उजवा सांगायचं. सहांत दोन ठिकाणी कळलं नाही तर पाय जपायला हवा, दाखवायला हवं. इंग्लंडातल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी ही तपासणी काढली. यंत्र नाही, सुई नाही, पट्टी नाही.

साखर असलेले अकरा निघाले. मोठ्या पोटाचा त्यांत एकच. बाकी सगळे आबांच्याच अंगाचे.

तिघांना कळलं नाही. एक मिटल्या डोळ्यांनी बसून राहिला, "झालं का सुरू?" माझं सहाही बोटांना टेकवून झालं होतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

तिघांची नावं आशाताईंकडं. त्यांनी वहीत जागा शोधली. समासात लिहिली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

लॅबच्या मीटिंगमध्ये यादी दाखवली. पहिल्या ओळीत आबा, नाव नाही, नुसता क्रमांक. रिकाम्या रकान्यांची कारणं: वाळवी. तपासणी सांगितली नाही. तपासणी परवडली नाही. अर्ध्या गोळ्या. सर बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "ही कारणं मॉडेलला देता येतील?"

येतील. आधी कुणीतरी विचारायला जायला हवं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

टाके काढले. डॉक्टरबाई खूश. उजव्या पायाचीही चप्पल काढायला लावली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

ऊस तुटून गेला. वावर उघडं, कोप्या हलल्या. पुन्हा रात्रीची लाईट. आबा निघाले. आईनं दारात अडवलं, बूट पुढं ठेवले. त्यांनी घातले. बांधापर्यंत शिव्या देत गेले, ऐकू येत होत्या.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पुण्याला परत जायची तयारी. आबांची वही चाळली. पट्टी धरून त्यांनी नव्यानं रेघा मारल्यात. आता चार रकाने. तारीख, तिथी, साखर, पाय.

आजची ओळ त्यांच्याच अक्षरात: २४ फेब्रुवारी. एकादशी. १३९. बघितले, दोन्ही.